घाईत चाललेले मामा

“पळत नाय हो, जरा घाईत चाललोय.”

पहाटे पैठण रस्त्यावर कुणीही हटकलं की मामांचं हे उत्तर ठरलेलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं मानेवरचा घाम पुसणं, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू. आज तुमच्याही गल्लीतून सकाळी माणसं पळत जातात आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पण मी सांगतोय ते नामांतराच्या चळवळीतलं औरंगाबाद. तेव्हा उगाच पळणारा बाप्या माणूस शहरानं पाहिला नव्हता. त्यातून हा एकशे चार किलोचा.

मामा आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो. कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा नव्या मॅनेजरसाहेबांनी मॅरेथॉनची नोटीस लावली. गेटपासून बिडकीनच्या पुढं वडापर्यंत आणि परत, बेचाळीस किलोमीटर. नोटिशीसमोरच्या गर्दीत एक हमाल ओरडला, “मामा, तुम्ही नाव द्या. पळायचं कशाला, गडगडत जाल!”

सगळे हसले. मामाही हसले. संध्याकाळी मात्र माझ्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, “बाबू, माझं नाव लिव्हा. पण मोठ्यानं वाचू नका.”

“मामा, खरंच?”

“स्टोअरचा जिना चढताना मधीच बसावं लागतं हो. पंचेचाळिशीत. पोरगी लहान हाय अजून.”

हातात चार महिने होते. गुलमंडीवरून कॅनव्हासचे बूट आणले. हाफ पँटची लाज वाटायची, म्हणून पायजमाच मोज्यांत खोचायचा. पहिल्या दिवशी विजेचे दोन खांब झाले. आठवड्यानं पाच. हजेरी लावता लावता मी विचारायचो, “आज किती?” मामा गुपचूप बोटं दाखवायचे. कँटीनची भजी त्यांनी सोडली, म्हणजे आपली प्लेट माझ्याकडं सरकवायला सुरुवात केली. चार महिन्यांत ते चौदा किलो उतरले, मी चार किलो चढलो.

सगळ्यात मोठी अडचण एसटीची. मामा रस्त्याच्या कडेनं धापा टाकत परत निघाले की पैठणहून येणारा ड्रायव्हर गाडी थांबवायचा. त्याला वाटे, बिचारा बस पकडायला धावतोय. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडायचा, “सावकाश या मामा, थांबवलीय!” अख्खी बस खिडक्यांतून बघतेय म्हटल्यावर नाही म्हणायचा मामांना धीर होत नसे. दोनदा ते मुकाट्यानं बसले, तिकीट काढलं आणि पुढच्या थांब्यावर उतरले.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

मामांच्या घरापासून पैठण रस्त्याला लागायची वाट आमच्या वस्तीतून जाई. आमची वस्ती बौद्धांची. विद्यापीठाच्या नावावरून आधी जी जाळपोळ झाली, तिच्यात आईच्या माहेरचं घर गेलं होतं. त्यामुळं गल्लीत पावलांचा धडधड आवाज आला की आमच्याकडं पहिल्यांदा दारं लागायची, मग कोण आहे ते बघायचं. मामा पहिल्यांदा पळत आले त्या दिवशीही तसंच झालं. आईनं कडी घातली, माझ्या धाकट्या बहिणीला पोत्यामागं बसवलं. मी फटीतून पाहिलं, तर आमचे स्टोअरकीपर!

कारखान्यात मी हे गंमत म्हणून सांगितलं. मामा हसले नाहीत. “पोत्यामागं?” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते वस्तीच्या तोंडाशी थांबायचे. हात मागं बांधून अख्खी गल्ली चालत जायचे, दारातल्या म्हाताऱ्यांना “जयभीम” घालायचे. आधी कुणी उत्तर दिलं नाही. महिनाभरानं एक म्हातारी म्हणाली, “काय वो, आज उशीर?” गल्ली संपली की मामा पुन्हा घाईत. त्यांच्या आळीतल्या कुणीतरी त्यांना म्हणे बजावलं, तिकडून कशाला जाता? मामांनी सांगितलं, “तिकडची हवा मानवती मला.”

शर्यत रविवारी होती. अठरा जण पळाले. पहिला आलेला पोरगा हार घालून घरी गेला, पाहुणे गेले, मांडव सोडला गेला. वेळ टिपायचं घड्याळ माझ्याकडं होतं, म्हणून मी बसून राहिलो. शेवटी गेटवर वॉचमन आणि मी असे दोघंच.

“बिडकीनला जेवायला बसले असतील,” वॉचमन म्हणाला.

दीड वाजता मामा दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, एक बूट हातात. पळणं कधीच संपलं होतं, पण चालणं चालू होतं. फक्कीची रेघ पुसली गेली होती, म्हणून आम्ही मांडववाल्यांची राहिलेली सुतळी दोन्हीकडून धरली. मामा सुतळीपाशी येऊन थांबले. दोन बोटांनी ती अलगद उचलली आणि खालून वाकून पलीकडं गेले.

“तोडायची असती मामा!” मी ओरडलो.

“असं व्हय? मला वाटलं, रस्ता बंद हाय,” म्हणाले आणि मातीत बसले.

सोमवारी मामा कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. संध्याकाळी मी धसक्यानंच त्यांच्या घरी गेलो. मामी दारात हसत होत्या. “आत या. त्यांना उठता येत नाय.”

मामा चटईवर आडवे होते. पायांशी लाल मुंडासं बांधलेला एक म्हातारा बसला होता. ते मामांचे वडील, पाचोडहून आलेले. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. तेल लावून लेकाच्या पोटऱ्या दाबत होता. आज ते दोघंही नाहीत, पण मला दोघं आठवतात ते त्या चटईवरच.

“किती चालला म्हने ह्यो?” म्हाताऱ्यानं मला विचारलं.

“बेचाळीस किलोमीटर.”

त्यानं मनाशी कोसांचा हिशेब केला. मान डोलावली. बरा आकडा असावा.

“कशाच्या मागं?”

मी मामांकडं पाहिलं. मामांनी छताकडं पाहिलं.

“कशाच्याच नाय, बा.”

लंगडणाऱ्या मेंढीचा पाय बघावा तसा म्हाताऱ्यानं लेकाचा घोटा उचलला, इकडं तिकडं वळवला आणि खाली ठेवला.

“मोडलं नाय काय,” म्हणाला, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.