तीन शंकू पाणी

नवऱ्याची माती झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी प्यो मालसुक शाळेत हजर झाली. रजा शिल्लक होती, मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलंही होतं की घाई करू नका. पण घरात बसून करायचं काय, हे तिला कळेना. शाळेत निदान परीक्षानळ्या धुवायच्या होत्या.

दक्षिण जल्ला प्रांतातल्या त्या खेड्यातल्या माध्यमिक शाळेत ती सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक होती. ती आली तेव्हा शाळेत दोनशे मुलं होती. आता अकरा उरली होती, आणि फेब्रुवारीअखेर शाळा बंद करून तालुक्याच्या शाळेत विलीन करायची असं ठरलं होतं. गावात सगळ्यांना ते दोन वर्षांपासून माहीत होतं. गीसॉप, तिचा नवरा, मात्र नोव्हेंबरात एका सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून तिथेच खाली बसला, तो उठलाच नाही. असं होईल हे कुणाला माहीत नव्हतं.

गीसॉपचं बाजारात पत्र्याचं दुकान होतं. धुराडी, पन्हाळ्या, शेगडीचे पाईप. मालसुक नवीन लागली त्या काळी शाळेत सामानाची बोंब होती. ती संध्याकाळी दुकानात जाऊन बसायची, त्याच्याकडून एकेक वस्तू करून घ्यायची. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून त्याने तरफेचे दांडे केले, चंद्राच्या कला दाखवायची भोकांची पेटी केली, आणि गणितासाठी सारख्याच तोंडाची नि उंचीची एक वृत्तचिती आणि एक शंकू. शंकू तीनदा भरून ओतला की वृत्तचिती काठोकाठ भरायला हवी.

"तुझ्या शाळेत एवढी शिकली-सवरलेली माणसं, आणि शंकू कापायला धुराडीवाला लागतो," असं तो म्हणायचा. मालसुक म्हणायची, की बोलणं कमी करा आणि जोडाला डाख नीट द्या.

ती वृत्तचिती कधीच काठोकाठ भरली नाही. अर्धा सेंटिमीटर कमी राहायची. शिक्षक मुलांना सांगायचे, थोडं सांडलं असेल. सत्तावीस वर्षं मुलांनी ते ऐकून घेतलं.

जानेवारीत शिक्षण कार्यालयाकडून यादीचा नमुना आला. नोंदवहीत क्रमांक असलेलं सामान तालुक्याला जाणार, बाकीचं बाद. घरी केलेल्या वस्तूंना क्रमांक नव्हते. मालसुकने चिकटपट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर 'बाद' लिहिलं आणि एकेका वस्तूला लावत गेली. पेटीला लावली, तरफांना लावली. हात थांबला नाही. शाळेच्या भटारखान्यातली मावशी दारातून बघत होती. ती म्हणाली, अगं, एखादं तरी घरी ने. मालसुकने सांगितलं, घरी जागा नाही. जागा भरपूर होती.

मुलगी सुवॉन शहरात असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि ती हळूच विचारायची, आई, रडलीस का गं? मालसुक खरं तेच सांगायची, की नाही. आपलं काही बिघडलंय का असं एकदा तिच्या मनात आलं, पण त्याचीही फारशी काळजी वाटली नाही. कानांना दडे बसल्यासारखं सगळं लांबून यायचं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या आठवड्यात गणिताचे ना उनजे सर प्रयोगशाळेत आले. नोकरीचं दुसरंच वर्ष, टॅब्लेटवर चित्रं फिरवून शिकवणारे. टॅब्लेट आता खोक्यात बांधून तालुक्याला रवाना झाले होते. त्यांनी विचारलं, घनफळाला काही आहे का? मालसुकने बादच्या खोक्यातून शंकू आणि वृत्तचिती काढून दिली, आणि पाणी सांडलं तर पुसायला म्हणून फडकं घेऊन वर्गात गेली.

सरांनी तीनदा ओतलं. अर्धा सेंटिमीटर कमी. सर म्हणाले, थोडं सांडलं असेल.

"नाही सांडलं," पहिल्या बाकावरची सोयुल म्हणाली. "मी बघत होते."

सरांनी मालसुककडे पाहिलं. "प्यो बाई, तुम्हाला माहीत आहे का, का कमी पडतं ते?"

"जोडासाठी पत्रा जास्त सोडायचा राहिला," मालसुक म्हणाली. "म्हणून शंकूचं तोंड जरा लहान झालं. आमच्या ह्यांनी केलाय तो. नोव्हेंबरात गेले ते."

हे वाक्य तिने आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. ती काहीतरी होईल म्हणून वाट बघत उभी राहिली. काही झालं नाही.

सोयुलने वही ओढली. पंधरा सेंटिमीटर उंचीला अर्धा कमी, वृत्तचितीचं तोंड बारा. तिने खोडलं, पुन्हा मांडलं, वर्गमूळ काढलं. मग म्हणाली, शंकूचं तोंड अकरा पूर्णांक आठ असणार. सरांनी पट्टी लावली. अकरा पूर्णांक आठच होतं.

"म्हणजे घेरात सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास कमी," सोयुल म्हणाली. "जोडाला एवढाच पत्रा लागतो का हो, बाई?"

"तेवढाच लागतो," मालसुक म्हणाली. ती शंकूच्या जोडावरून अंगठा फिरवत होती. डाख अजून पक्का होता. मग तिने टेबल पुसलं.

तास सुटल्यावर सरांनी विचारलं, हे मी माझ्या नव्या शाळेत नेऊ का? तिने होकार दिला. त्यांनी चिकटपट्टी सोलून काढली आणि दोन्ही वस्तू आपल्या पिशवीत ठेवल्या. उरलेलं खोकं गुरुवारी ट्रकमधून गेलं. ती पायरीवर उभी राहिली, ट्रक वळल्यावर आत आली आणि कपाटं आतून पुसून घेतली, जरी ती उघडायला आता कुणी येणार नव्हतं.

मार्चात तिची बदली तालुक्याच्या शाळेत झाली. तिथे चौदा वर्ग, दोन प्रयोगशाळा, सगळं सामान कारखान्याचं आणि क्रमांकाचं. गीसॉपचं दुकान एका मोबाइलवाल्याने भाड्याने घेतलं. रविवारी मुलीने विचारलं, नवी जागा कशी आहे? मालसुकने थोडा विचार केला. इथल्या प्रयोगशाळेच्या नळाला गरम पाणी येतं, एवढं तिने सांगितलं.