ताट रिकामं होतं

मला एका जागी बसवत नाही. घरात म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. आहारतज्ज्ञाच्या कामाला हा स्वभाव मुळीच बरा नाही, कारण या कामात वाट बघणंच जास्त. माणूस आज पोटभर जेवला म्हणून उद्या त्याच्या दंडावर मांस चढत नाही. तरी धाराशिवातल्या एका दवाखान्यात मी हेच काम करते, आणि नव्याने डिग्री घेऊन आलेल्या मुलींना शिकवते: खाटेवरचा माणूस कुपोषित आहे हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्याला सावरायचं कसं.

पुस्तकातला पहिला प्रश्न असतो, गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं? आमच्याकडच्या बायकांचं वजन शेवटचं झालेलं असतं बाळंतपणात. म्हणून मी मुलींना सांगते, बांगड्या विचारा. कोपरापर्यंत सरकतात का? झंपर किती वेळा आत शिवून घेतला? मग कानशिलाजवळचा खड्डा बघा, दंड हातात धरून बघा. मुली हसतात, लिहून घेतात, आणि खाटेजवळ गेल्या की पुस्तकातलाच प्रश्न विचारतात.

अशाच एका तुकडीत मुरुमकडची एक मुलगी होती. कमी बोलायची, पण हात धीट होता. तिच्या वाट्याला बेंबळीजवळची एक मावशी आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, साठीच्या आसपासची, उंच आणि नुसती काडी. पोटात गाठ होती. गाठ काढता येण्यासारखी होती, पण सर्जनांनी तिचा दंड चिमटीत धरला आणि म्हणाले, "या अंगावर मी चाकू लावणार नाही. टाके धरायचे नाहीत. आधी हिला भरू द्या. पण फार उशीरही नको." म्हणजे भरायचं, आणि लवकर भरायचं. माझ्या जिवाला घोर लागला तो तिथून.

मुलीनं तपासणी चोख केली. जेवण ठरवलं तेही शहाणपणानं: एकदम भरमार नाही, थोडं थोडं वाढवत न्यायचं, मऊ खिचडी, दूध, उकडलेली अंडी, मधल्या वेळेला शेंगदाण्याचा लाडू. मावशी कशालाच नको म्हणायची नाही. ताट लख्ख रिकामं परत यायचं. आणि काटा मात्र जागचा हलेना. मी काटा बदलून पाहिला. जंताचं औषध दिलं का ते विचारलं. मुलीवर दोनदा खेकसले, तिची काही चूक नसताना. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा खाटेकडे जायची.

शेवटी एके दुपारी जेवणाच्या वेळी आम्ही दोघी वॉर्डातच थांबलो. मावशीपुढे ताट आलं आणि त्याच्याच पाठोपाठ तिच्या जावेच्या माहेरचं कुणीतरी आलं, स्टँडवरनं चालत, घामानं भिजलेलं. मावशीनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या. उन्हाचं आलाव."

"जेवूनच आलोय," पाहुणा म्हणाला.

आमच्याकडे हे सगळेच म्हणतात आणि त्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. मावशीनंही ठेवला नाही. दुखणाईत माणसानं पुढं केलेला घास नाकारायचा तरी कसा, म्हणून पाहुणा जेवला. अंडंसुद्धा खाल्लं. मावशीनं नंतर घरून आलेली भाकरी चहात चुरून खाल्ली आणि ताट रिकामं परत गेलं.

माणूस दवाखान्यात पडला की नात्यातल्या प्रत्येक घरानं एकदा तरी भेटून जायचं असतं. नाही गेलं तर जन्मभर ऐकावं लागतं. मावशीचं गोत मोठं होतं. ते सगळं आमच्या खिचडीवर पोसलं जात होतं.

मला हसूही आलं आणि चीडही आली. मी तिला सुनावलं. म्हटलं, हे जेवण नाही, औषध आहे, गोळ्या वाटता का अशा?

"गोळ्या कोण मागतंय?" ती शांतपणे म्हणाली. "तुमचं खरं हाय बाई. पण माणूस दारातनं उपाशी कसा लावून देऊ? दार नसंना का, खाट हाय."

भेटायला येणाऱ्यांची वेळ बदलून पाहिली, तर ते बाहेर झाडाखाली बसून राहायचे आणि ही घास झाकून ठेवायची.

आणि मग अचानक काटा वर गेला. पुढच्या वेळी आणखी थोडा. मला इतका आनंद झाला की मी तडक सर्जनांकडे निघाले. मुलगी वाटेत आडवी आली.

"मॅडम, आधी पाय बघा."

तिनं मावशीच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. "हे मांस न्हाय मॅडम. पाणी हाय. दंड होता तेवढाच हाय."

हे मीच तिला शिकवलं होतं, आणि त्या घटकेला मला ते ऐकायचं नव्हतं. मी चिडून म्हटलं, काटा दाखवू दे की त्यांना, ऑपरेशनची तारीख तरी मिळेल. ती खाली बघत म्हणाली, "तारीख मिळंल. टाके धरतेल का?" मी तिचा राग राग केला आणि त्याच वेळी मला तिचा फार अभिमान वाटला. तारीख घ्यायची राहिली.

मावशीला तिनंच सांगितलं, खाटेशी वाकून, काही न लपवता. वजन वाढलं ते सुजेचं आहे. अंगात ताकद आली नाही तर ऑपरेशन नाही, आणि गाठ काही थांबून राहणार नाही. "म्हंजी मी मरंन," मावशी म्हणाली. मुलगी म्हणाली, "असंच चाललं तर व्हय."

त्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत थांबूच शकले नाही. ताटं वाटायला निघाली तशी मी वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिले. सास्तूरहून मावशीचा थोरला भाऊ आला होता. पाठीत वाकलेला, काठी टेकत आलेला. तो खाटेपाशी स्टुलावर बसला तेवढ्यात ताट आलं.

मावशीनं ताटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायला लागली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की चावत होती, पाठमोरं कळत नव्हतं. म्हाताऱ्यानं काठी आडवी मांडीवर घेतली आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

अंडं संपलं, खिचडी संपली, वाटीतलं दूध संपलं. तिनं हात धुतला, तोंड पुसलं आणि मगच भावाकडे वळली.

"दादा, तुला द्यायला आज माज्याकडं कायबी न्हाय."

"असू दे," तो म्हणाला. "उद्या येतो. उद्याबी काय ठिवू नको."