प्रॅथरचं बोट

अलॉन्झो प्रॅथर खुर्चीत नीट बसलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. चर्चमध्येसुद्धा तो बाकाच्या कडेला असा टेकतो, की कुणी दार उघडलं तर आधी हाच बाहेर पडेल. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी त्याचं एसी बसवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे. जुलै महिन्यात अटलांटाच्या दक्षिणेला असलेल्या आमच्या मेकन गावात याच्याइतकं पुण्याचं काम दुसरं नाही. टपाल खात्यातून सुटल्यापासून माझी सकाळ तिथेच जाते. मदतीला म्हणून नव्हे, त्याला छळायला.

आमच्या काळ्या वस्तीत रिपब्लिकन पक्षाला उघडपणे मत देणारा हा एकटा. लपूनछपून देणारे आणखी दोघे आहेत, आणि कुणी पीच फळं भरून भाजलेली चांगली गोड पाय खाऊ घातली तर मी त्यांची नावंही सांगेन. पण अलॉन्झोचं तसं नाही. तो हातात पाना घेऊन दुकानभर फिरत फिरत सगळ्या जगाला सुनावतो.

"मजुरी वाढवा म्हणे! सरकारनं आकडा वाढवला की बड्या कंपन्या हसत हसत देतात, आणि माझ्यासारख्याचं शटर खाली येतं. मग वाढलेली मजुरी घ्यायची कुणाच्या बापाकडून?"

"बडे लोक कर भरतील ना," मी काडी टाकायचो.

"भरतील! त्यांच्याकडे वकील असतात, लेका. कर शेवटी मीच भरतो. मला आधी श्रीमंत तर होऊ दे, मग काय लावायचा तो लाव."

शहराच्या कामांत काळ्या मालकांच्या धंद्यांसाठी वाटा राखून ठेवलेला आहे. यानं त्यासाठी कधी अर्ज केला नाही. व्यापारी मंडळाच्या दोन पोरी एकदा 'काळ्या मालकाचं दुकान' असं छापलेली चिकटपट्टी काचेला लावून गेल्या. यानं ती पात्यानं खरवडून काढली. "आत येणाऱ्याला मी दिसतोच की," म्हणाला.

मी विचारलं, "अरे, पण वाटा घेतलास तर बिघडलं काय? आपल्या हक्काचा आहे."

तेव्हा मात्र तो थांबला. "माझ्या आजोबांना काळा म्हणून काम नाकारलं. मला काळा म्हणून देतील. दोन्ही वेळेला काम कुणी बघितलंच नाही."

"आणि आजोबांचं जे गेलं, ते कोण भरून देणार?"

  यावर त्यानं दुकानाला तीन फेऱ्या मारल्या आणि ट्रकमध्ये बसून कुठेतरी निघून गेला. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मलाही खोडता येत नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं आमचं जमलं.

त्याच्याकडे कामाला एकच माणूस होता, रॉन्डेल. तुरुंगातून सुटून आलेला, तिशी ओलांडलेला. सुरुवातीला पाना कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. अलॉन्झोनं छपरावर उभं करून शिकवलं. अशा माणसाला कामावर घेतलं की सरकार करात सूट देतं. यानं ती सूटही घेतली नाही. "मी माणूस घेतलाय, कूपन नाही," म्हणे. अलॉन्झोची बायको व्हर्लीन, जी दुकानाचा फोन आणि पैसे दोन्ही सांभाळते, तिनं त्या दिवशी त्याच्यासमोर ताट असं आपटलं की शेजारी मला ऐकू आलं.

त्या उन्हाळ्यात धंदा पार बसला होता. अटलांटाकडच्या मोठ्या कंपन्यांनी नव्या वसाहतींची कामं पटकावली होती. एखादं मोठं काम आलं नसतं तर रॉन्डेलला ठेवणं शक्य नव्हतं, हे व्हर्लीनला कळत होतं, रॉन्डेललाही कळत होतं, आणि अलॉन्झोला तर इतकं कळत होतं, की मागवलेलं सँडविच तो अर्धं टाकून उठायचा. नेमका तेव्हाच आमच्या चर्चचा एसी मेला. छपरावरची सगळी यंत्रं बदलायची होती. हे काम म्हणजे रॉन्डेलचा अख्ख्या वर्षाचा पगार.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर सभा भरली. चर्चमध्ये आम्ही सगळेच एकमेकांचे ब्रदर-सिस्टर. सिस्टर अर्लीन मॅप, म्हणजे आमच्या विश्वस्तांच्या मुख्य आणि गावातल्या सर्वांत उंच टोपीच्या मालकीण, उभ्या राहिल्या. "ब्रदर प्रॅथर आपला आहे. काम त्याला द्यावं. इतर कुणाला विचारायची गरज नाही."

चर्चचे एक कारभारी, डीकन टिब्स, यांना पैसा सोडताना ताप येतो. ते म्हणाले, "चार ठिकाणी भाव काढा."

गंमत म्हणजे अलॉन्झो टिब्सच्या बाजूनं बोलला! "भाव काढा, बंद पाकिटात मागवा. माझा बरा असला तर मला द्या."

"तू गप्प बस," सिस्टर मॅप म्हणाल्या. "तुझ्या भल्याचं चाललंय."

मतदान सुरू झालं. प्रॅथरला थेट काम द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आता, आपल्याच कामाचा निर्णय होताना आपण खोलीत बसू नये, असं आमच्या या तत्त्ववंताला वाटलं. तो उठला. आमच्याकडे सभा किंवा प्रार्थना चालू असताना मधेच बाहेर जायचं झालं, तर एक बोट वर धरायचं आणि वाकून, पाय न वाजवता निघायचं. माफ करा, मला जाऊ द्या, असा त्याचा अर्थ. आईच्या मांडीवर बसायच्या वयापासून आम्ही हे शिकतो. अलॉन्झो बोट वर धरून निघाला, आणि वर गेलेले हात मोजणारा ब्रदर होसिया, ज्याचा चष्मा त्याच्याइतकाच म्हातारा आहे, त्यानं ते बोटही मोजलं.

मी त्याआधीच बाहेर येऊन पार्किंगमध्ये सिगारेट ओढत होतो. अलॉन्झो येऊन गाड्यांच्या मधून येरझाऱ्या घालू लागला. थोड्या वेळानं व्हर्लीन आली.

"अभिनंदन. एका मतानं जिंकलास."

"कुणाच्या?"

"तुझ्याच. बोट वर होतं ना, होसियानं मोजलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बोटानं घराचं भलं केलं."

मी इतका हसलो की खोकला लागला. अलॉन्झो हसला नाही. पुढचे काही दिवस तो इतका फिरला, की बघून आमचे पाय दुखले. गाडीचं तेल बदललं, परत बदललं. पाने आकारानं लावले, मग नावानं लावले.

"सोड की," मी म्हणालो. "देवाच्याच घरचं काम आहे."

"मी स्वतःला मत देऊन काम घेतलं, असं झालंय. उद्या कुठल्या तोंडानं बोलू?"

"ज्या तोंडानं आत्ता बोलतोस. नाहीतरी ते बंद कुठे असतं?"

रॉन्डेल कोपऱ्यात तांब्याच्या नळ्या कापत होता. मान वर न करता म्हणाला, "मिस्टर पी, खरंच एक विचारू? तुम्हाला काम येतं, हे चर्चमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग आपला माणूस म्हणून दिलं तर त्यात खोटं काय?"

"ते त्यांना ठाऊक आहे. काम बघून दिलं की आपला म्हणून, हे मला कसं कळणार?" अलॉन्झो म्हणाला आणि पुन्हा ट्रककडे गेला.

रविवारी सूचना सांगायच्या वेळी तो उभा राहिला. व्हर्लीननं त्याचा कोट धरला होता. कोट ताणला गेला, माणूस उभाच. "बुधवारी माझं मत मोजलं गेलं. ते मत नव्हतं. मी बाहेर जात होतो."

हशा पिकला. सिस्टर मॅप म्हणाल्या, "बाहेर जात होतास, तर आता खाली बस!"

मागच्या बाकांवरून म्हाताऱ्या बायका पुटपुटल्या, "प्रभू, याला सांभाळ." बोलणारा घसरायला लागला की आमच्या बायका असंच म्हणतात, नवखा पाद्री त्याला कौतुक समजतो. अलॉन्झो नवखा नव्हता. तरी तो पुरतं बोलला. ते मत काढून टाका, बंद पाकिटं मागवा, माझ्याशी बोलायचं असेल तर माझ्या कामाबद्दल बोला.

मत काढल्यावर बरोबरी झाली, आणि पाकिटं मागवली गेली. शेजारच्या वॉर्नर रॉबिन्स गावातल्या एका गोऱ्या घराण्याच्या कंपनीचा भाव अलॉन्झोपेक्षा कमी निघाला. डीकन टिब्स त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण दातांनी हसले. सिस्टर मॅप रस्त्यात अलॉन्झो दिसला की समोरच्या फुटपाथवर जाऊ लागल्या, टोपीसकट.

पुढचं मी दुकानात बसून ऐकलं. कंपनीचे लोक छप्पर बघायला आले तेव्हा रॉन्डेल तिथेच होता; जुनी यंत्रं काढायला चर्चनं त्याला रोजावर बोलावलं होतं. त्यांना माणसं हवी होती. त्यांनी त्याला विचारलं, आणि मजुरी सांगितली ती अलॉन्झोला कधीच परवडली नसती.

"मी नाही म्हणालोय अजून," रॉन्डेल म्हणाला. "हो पण म्हणालो नाही."

"का?"

"तुम्ही मला घेतलंत तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. मिस्टर पी, तुम्ही फक्त 'थांब' म्हणा. कमी पैशात चालवून घेऊ. बायकोला मी समजावतो."

अलॉन्झोनं पाना उचलला, ठेवला. फळीवरचा डबा सरळ केला. तोंड उघडलं, मला वाटलं आता 'थांब' म्हणतोय. मग म्हणाला, "जास्त पैसे मिळतील तिथे माणसानं जावं, हे मी किती वर्षं बोलतोय?"

"मी आल्यापासून तरी रोज."

"मग विचारतोस काय? जा. आणि त्यांच्याकडे शिडी नीट बांधत नाहीत, तू बांध."

रॉन्डेल गेला.  व्हर्लीन फोनजवळ बसून हे सगळं ऐकत होती.

"थांब म्हणाला असतास तर थांबला असता तो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"म्हणूनच. पगार बघून नव्हे, माझ्याकडे बघून थांबला असता," अलॉन्झो म्हणाला, आणि किल्ल्या घेऊन ट्रककडे निघाला. जायचं कुठेच नव्हतं.