रूबीच्या नावाचं सांदण

आपा, मी निघाले तेव्हा म्हसळ्याच्या स्टँडवर अम्मीनं माझ्या बॅगेत सुकट कोंबली होती, आठवतं? "परक्या मुलखात पोटाचे हाल नकोत," म्हणाली आणि रडायचं सोडून कंडक्टरशी सामानावरून भांडत बसली. मी मात्र विमानतळापर्यंत रडत होते.

इथे आखाती देशात, राबिघला दवाखान्यात नर्स म्हणून लागले. पहिल्याच दिवशी न्यायला गाडी आली, तेव्हा आमच्या हेड नर्स लोरेटा मॅडमसाठी मी मागचा दरवाजा उघडला. आपल्याकडे मोठ्या माणसाला मागं बसवतात ना, तोच मान. मॅडम अमेरिकेतल्या काळ्या बाई, साठीच्या. मागं न बसता त्या सरळ पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी म्हटलं, खलास, गेली नोकरी.

दुपारी त्यांनीच चहा पाजून सांगितलं. त्यांच्या गावात काळ्या माणसांनी बसमध्ये मागंच बसायचं, असा नियम होता. मग लोकांनी बसच सोडली आणि कामाला पायी जायला लागले. मॅडमची आई रूबी एका गोऱ्या घरात स्वयंपाकीण होती. ती पहाटे चर्चची गाडी काढून म्हाताऱ्याकोताऱ्यांना कामावर सोडायची. मालकिणीला कळलं, तिनं कामावरून काढलं. तरी ही बया गाडी चालवतच राहिली. पुढाऱ्यांचे पुतळे झाले. रूबीचं नाव कुठंच नाही.

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. माझी लेक झोया त्यांना 'ग्रॅनी' म्हणते. माझ्याशी मराठीत बोलायचं तर हिच्या जिवावर येतं.

गेल्या महिन्यात रूबी वारली. मॅडम मातीला जाऊन आल्या आणि माझ्या किचनमध्ये बसून म्हणाल्या, "मला मूलबाळ नाही. माझ्यामागं तिचं नाव कोण घेणार?" माझा जीव तुटला गं. अम्मीला फोन लावून सगळं सांगितलं. अम्मीनं एवढंच विचारलं, "काय आवडायचं तिला?" गोड, म्हटलं.

पुढच्या जुम्म्याला अम्मीनं रूबीच्या नावानं तांदळाची गोड सांदणं केली, तुलाच मोहल्ल्यात वाटायला लावली. तू व्हिडिओ कॉल लावलास तेव्हा मॅडम माझ्या शेजारीच होत्या. इतकी वर्षं मी घर मागं राहिलं म्हणून कुढत होते, आणि आता तेच घर फोनमध्ये आम्हा दोघींच्या समोर होतं. तेवढ्यात शेजारच्या खालानं ताट हातात घेत विचारलं, "ही रूबी कोण गं?"

अम्मी म्हणाली, "आमच्या घरातली होती."

मी ते मॅडमना इंग्रजीत सांगितलं.