एसटी जात नाही तिथं

"हात काढा. आधी इचारा."

आबांचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस आमच्या रस्त्यावर सापडणार नाही. त्यांच्या चाकाच्या खुर्चीमागं कुणी येऊन उभं राहिलं, की आबा मान न वळवता उजवीकडच्या आरशात बघायचे. मोटारसायकलचा जुना आरसा होता, मीच तो खुर्चीला बसवून दिला होता. आरशात चेहरा दिसला की तळहात वर व्हायचा आणि पाठोपाठ हे वाक्य. मागचा बिचारा मदतीलाच आलेला असायचा. आपल्याकडं हे असंच असतं, तुम्हीही पाहिलं असेल. खुर्चीतला माणूस दिसला की येणारा-जाणारा पुण्य पदरात पाडून घ्यायला धावतो, ढकलत सुटतो आणि कुठं जायचंय ते मागाहून विचारतो. एकदा एका भल्या माणसानं आबांना असंच रस्त्यापलीकडं नेऊन सोडलं. आबांना पलीकडं जायचंच नव्हतं. तिथं ते अर्धा तास बसून होते आणि मी इकडून हसत होतो.

बारामती एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला आबांचं खतं-औषधांचं दुकान होतं, त्याला लागून माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींच्या तारा पुन्हा गुंडाळून द्यायचं. उसाच्या ट्रॉलीवरून पडून आबांचं कमरेखालचं अंग गेलं ते मी तिथं यायच्याही आधी. मी त्यांना पाहिलं ते खुर्चीतच. शेतकरी रोग पडलेलं पान घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आबा, एकदम जालीम औशद द्या." आबा पान उलटंपालटं करून विचारायचे, "रोग मारायचाय का पीक?" मग स्वतःच हसायचे. हा विनोद मी शेकडो वेळा ऐकला असेल, पण दर वेळी आबांना तो नवा असायचा.

आबा जाऊन आता वर्ष उलटलं. इतका काळ भिंतीला भिंत लावून काढल्यावर माणूस आपल्याला समजला असं आपण धरून चालतो. माझा हा समज बोटीनं मोडला, आणि खरं सांगतो, तो अजून धड जोडला गेलेला नाही.

बोटीचं असं झालं. औषधांच्या कंपन्या जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना सहलीला नेतात, हे तुम्हाला माहीत असेल. आबांनाही अशा सहली मिळायच्या, दोन-दोन माणसांच्या. त्या ते पुतण्याला देऊन टाकायचे. त्या वर्षी सहल निघाली ती मोठ्या बोटीची. मुंबईला बसायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबईला उतरायचं. आबा म्हणाले, "औंदा मी जाणार."

आम्हाला वाटलं, चला, आक्कांना जरा हवापालट होईल. आक्का म्हणजे आबांची बायको. आबांना उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं, कन्हेरीतल्या घरापासून दुकानापर्यंत पोचवणं, सगळं त्या एकट्या करायच्या. ज्याला आबा कधी 'हात काढा' म्हणाले नाहीत असा जगात एकच माणूस होता, तो म्हणजे आक्का. पण आबांनी त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "मिस्तरी, तुमी चला माझ्यासंगं. हिला न्यायची न्हाय."

मी आक्कांकडं बघितलं. त्या डब्याचं झाकण लावत होत्या, ते लावून झाल्यावर पुन्हा काढून पुन्हा लावलं. कन्हेरीत बोलायला लोक होतेच. सेवेत जन्म घालवला बायकोनं आणि मजा मारायला शेजारचा मिस्तरी, असं पारापासून दूध डेअरीपर्यंत झालं. माझ्या बायकोनं तर मलाच धारेवर धरलं. मी आबांना एकदा म्हणालो, "आबा, आक्कांना वाईट वाटलंय. माझं काय, मी न्हाय आलो तरी चालंल."

"तुमाला बोट लागती का?"

"मला काय ठावं? कधी बसलोय?"

"मग बसा की," म्हणाले, आणि पुढं ताकास तूर लागू दिली नाही.

आक्कांनी आबांशी बोलणं टाकलं, पण मला शिकवायचं काम मनावर घेतलं. संध्याकाळी दुकान बंद झालं की मी कन्हेरीला जायचो. खुर्चीवरून पलंगावर घेताना आपला गुडघा कुठं टेकायचा, पाठीखाली हवेची उशी कशी सरकवायची, रात्रीतनं उठून कुशीवर कसं वळवायचं. "वळवलं न्हाय तर पाठीला जखम व्हती. एकदा झाली का महिनं जात्यात," आक्का म्हणायच्या. मी मोटारी गुंडाळणारा माणूस, तारेचे वेढे चुकत नाहीत माझे. पण इथं माझी भंबेरी उडायची. आबा पलंगावरून म्हणायचे, "मिस्तरी, मी काय मोटार न्हाय, जळलो तर परत गुंडाळता यायचं न्हाय." आक्का हसायच्या नाहीत.

निघताना आबांनी त्यांना सांगितलं, "बोटीवर रेंज नसती. फोन लागायचा न्हाय. रविवारी येतो." आणि मग, खुर्ची गाडीत चढवता चढवता, सहज आठवल्यासारखं, "घरात एकटी काय बसतीस? निरवांगीला जाऊन ये." निरवांगी हे आक्कांचं माहेर, इंदापूर तालुक्यात. आक्का दुसरीकडं बघत म्हणाल्या, "बघीन."

मुंबईच्या धक्क्यावर आम्हा लोकांनी पहिला गोंधळ घातला. दुकानदार मंडळींपैकी बहुतेकांच्या पिशवीत नारळ होता. नव्या ट्रॅक्टरपुढं फोडतो तसा बोटीपुढं फोडायचा, साधा हिशोब. पण बोट केवढी, तर तिचं तोंड कुठं हेच कुणाला कळेना. एकजण म्हणाला तिकडं, एकजण म्हणाला ती शेपटी. तेवढ्यात तपासणीवाल्यांनी नारळ काढून टेबलावर ओळीनं मांडून ठेवले आणि आम्हाला तसंच आत सोडलं. नारळ न फोडता निघालोय, या काळजीनं निम्मी मंडळी पहिल्या दिवशी जेवली नाहीत.

आत तर मी पार हरवलो. कुठं बघावं तिथं गालिचा, आरसे आणि सारखीच दारं. वर गेलो की खाली आल्यासारखं वाटायचं. आमची खोली शोधता शोधता मी दोनदा कुणाच्या तरी भलत्याच दारावर थाप मारली. आबांना मात्र काही अडत नव्हतं. त्या बोटीवर उंबरा म्हणून नव्हता. दारं आपोआप उघडायची, लिफ्ट चाकं घेऊन जायची. न्हाणीघरात खुर्ची गोल फिरायची, धरायला दांडे. आणि गणवेशातली एक मुलगी पहिल्याच दिवशी खुर्चीपुढं येऊन वाकली आणि म्हणाली, "सर, मैं ढकेलूँ?"

आबा तिच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्तरी, इचारलं हिनं." आणि तिला म्हणाले, "नको बाई. पन इचारलंस, बरं वाटलं." तिला मराठी कळलं नसावं, पण ती हसली.

मला वाटलं, सापडलं. आबा बोटीवर आले ते यासाठी. मोकळं हिंडायला, कुणाच्या हाताशिवाय. मी मनात म्हणालो, मग आक्कांनी काय पाप केलं होतं? त्यांनाही आणायचं. पण बघतो तर आबा हिंडतही नव्हते. बाकीची मंडळी पोहण्याच्या तलावात डुंबत होती, संध्याकाळी फेटे बांधून नाचत होती. आबा वरच्या मजल्यावर कठड्याजवळ खुर्ची लावून बसायचे, मांडीवर बंद केलेला फोन. पाण्याकडंही त्यांचं लक्ष नसायचं. मी म्हटलं, "आबा, बोटीवर इंटरनेट मिळतं म्हणे. आक्कांना फोन लावायचा का?"

"न्हाय."

"अहो, निदान पोचलो एवढं तरी..."

"मिस्तरी, न्हाय म्हनलं ना!" असे ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. माझंही डोकं तापलं होतं. एवढ्या लांब पाण्यात आणून माणूस बोलेना, हसेना, आणि मी आपला त्यांची पाठ सांभाळत बसलोय.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना ते आपण होऊनच बोलले.

"पडल्यापास्नं ती माहेराला एक रात ऱ्हायली न्हाय, मिस्तरी. म्हातारी आई हाय तितं. दर सणाला निरोप धाडती, मुक्कामाला ये म्हनून. मी हिला तीनदा धाडली. पुतण्याला घरात ठेवला, एकदा तर पगारी बाई ठेवली. सकाळी ग्येली का सांजच्या यष्टीनं परत. एकदा यष्टी चुकली, तर दुधाच्या टेंपोत बसून आली. का, तर ह्यांना कोन वळवंल?"

"मग सांगायचं की आक्कांना सरळ, की मी बोटीवर जातो, तू माहेरी ऱ्हा."

"सांगितलं असतं तर ग्येली नसती. म्हनली असती, माझं वझं झालं व्हय तुमाला? आन् तिनं मला घराभाईर पडू दिलं नसतं." मग समुद्राकडं हात करून म्हणाले, "जिमिनीवर कुठंबी गेलो असतो तर ती आली असती. म्हनलं, यष्टी जात न्हाय तितं जावं."

इतका वेळ मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होतो, तो राग अजून घशातच होता आणि डोळे मात्र भरून आले होते. माणसानं एका वेळी काय करावं? मी विचारलं, "पण त्या निरवांगीला गेल्या असतील कशावरून? रुसून घरातच बसल्या असतील तर?"

"तेच तर," आबा म्हणाले. "दोन दिस झालं, तेच तर कळंना."

मग कुठं मला तो बंद फोन समजला. लावला असता तर आक्का घरात आहेत का माहेरी, हे कळलं असतं. पण माहेरी असत्या तर आवाज ऐकूनच त्या एसटी स्टँडवर जाऊन बसल्या असत्या.

बोट मुंबईला लागली ती शनिवारी सकाळी. मी म्हटलं, "आबा, तुम्ही तर रविवार सांगितला होता." आबा म्हणाले, "येक रात जादाची ठेवलीया. आज आपुन दुकानात झोपू. पर आधी कन्हेरीला घ्या. कुलूप हाय का एवढं बघू आन् फिरू."

गाडी कन्हेरीच्या वळणाला लागली तसे आबा पुढं वाकून बसले. मीही वाकलो, का ते विचारू नका, घर काही माझं नव्हतं. अंगणात गाडी थांबली. दाराला कुलूप होतं. तुळशीला पाणी नव्हतं, ओट्यावर वाऱ्यानं पाचोळा आणून टाकलेला.

"उतरवा मला," आबा म्हणाले. मी खुर्ची दारापर्यंत नेली. त्यांनी कुलूप हातात धरून बघितलं, ओढून बघितलं, आणि पोरानं बक्षीस दाखवावं तसं माझ्याकडं बघून म्हणाले, "हाय, मिस्तरी! कुलूप हाय!" इतका आनंद मी त्यांना बोटीवर एकदाही झालेला पाहिला नव्हता.

आम्ही फिरायच्या आत मोटारसायकल आली. भावाच्या मागं आक्का, मांडीवर वांग्यांची पिशवी. उद्या येणार म्हणून आज घर झाडून ठेवायला आल्या होत्या. आबांना बघून त्या गाडी थांबायच्या आधीच उतरल्या.

"आवं, तुमी आज कसं? बरं हाय न्हवं? पाठ बघू," म्हणत थेट माझ्याकडं संशयानं बघितलं. पाठ ठीक आहे असं मी शपथेवर सांगितलं.

आबांनी एवढंच विचारलं, "झोप लागली का?"

आक्का घुटमळल्या. ज्यांच्याशी अबोला धरलाय त्यांना उत्तर द्यायचं का नाही, असा पेच असावा. मग म्हणाल्या, "पयल्या रातीला न्हाय. दोनदा उटून बसले. आई म्हनली, कुनाला हुडकतीस गं अंधारात?" जरा थांबून, खाली बघत, "काल लागली. उनं वर आली तरी जाग न्हाय. आईनं कुनाला उठवूच दिलं न्हाय मला."

मग त्याच म्हणाल्या, "आता आत चला, उनात काय बसलाय," आणि किल्लीसाठी कमरेला हात घातला. मग पिशवीत. मग वांगी ओट्यावर ओतून पिशवी झटकली. आबांच्या गोळ्यांची वेळ जिनं कधी चुकवली नाही, गॅसचं बटण दोनदा बघितल्याशिवाय जी घराबाहेर पडली नाही, ती बाई तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"आईच्या खुंटीला ऱ्हायली."

आबा हसायला लागले. खुर्ची हलेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं. आक्कांना आधी राग आला, मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी विचारायचा धीर झाला नाही. मी नुसता वांगी गोळा करत राहिलो. आक्का ओट्यावर, खुर्चीच्या चाकाशी बसल्या आणि त्यांनी पाय लांब केले.

भाऊ गाडी वळवून म्हणाला, "हा गेलो आन् हा आलो, दाजी."

"सावकाश या," आबा म्हणाले. "घाई न्हाय."