हळदीकाकूंच्या चपला

हळदीकाकूंना भीती वाटली की हसू यायचं. शेतात साप निघाला की बाकीच्या बायका ओरडत बांधाकडे पळत. काकू जागच्या जागी पोट धरून हसत. विमान उडालं तेव्हा त्या इतक्या हसल्या की हवाईसुंदरी दोनदा विचारून गेली. काकूंनी तिला मराठीतच सांगितलं, "काई न्हाई गं माय, मला भेव वाटून राहिलं."

आम्ही पोलंडला चाललो होतो. तिथल्या एका मनोरंजन पार्कमध्ये उन्हाळ्याच्या हंगामापुरतं भारतीय जेवणाचं दुकान चालवायचा ठेका नांदेडच्या एका केटरिंगवाल्याने घेतला होता. वसमतला माझी मेस आहे, थोडं इंग्रजी येतं, म्हणून मला नेलं. काकू जवळच्याच हट्टा गावच्या. लग्नाची पंगत एकहाती उठवणाऱ्या. घरच्या हळदीची पुरचुंडी कायम कमरेला. परक्याच्या हळदीला हात लावत नसत. नाव त्यावरूनच पडलं.

घरच्यांना वाटलं, काकू कमवायला निघाल्या. खरं कारण मला विमानात कळलं. त्यांना पाळण्यात बसायचं होतं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात घरचे सगळे दरवर्षी आकाशपाळण्यात बसत आणि काकू खाली उभ्या राहून सगळ्यांच्या चपला सांभाळत. नव्या नवरीला सासू म्हणाली होती, "सून पाळण्यात बसती व्हय? चपला धर." सासू गेली, चपला हातातच राहिल्या. "मी म्हंजे आमच्या घरची खुंटी," काकू म्हणत.

आमच्या दुकानासमोरच रोलर कोस्टर होता. काकूंनी त्याचं नाव ठेवलं घसरगाडी. ती वरून सुसाट खाली आली की काकूंचा झारा हवेतच थांबे. भज्यांची पर्वा मलाच करावी लागे. पार्क उघडायच्या आधी कामगारांना फुकट बसता येई; पण ठेकेदाराचा हुकूम निराळा होता. "तुमी सैपाकाला आलात, झोके घ्यायला न्हाई. हात मोडला तर माझ्या गळ्यात येईल."

काकू रोज सकाळी त्याच्या हातात चहा देत आणि विचारत, "बसू का?"

"न्हाई."

"बरं. साखर बराबर हाय ना?"

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा घसरगाडीला नवे डबे आले. सकाळी काकू गायब. परतल्या त्या अर्धा नारळ घेऊन. "चटणीला घे," एवढंच म्हणाल्या. मी किसून मोकळी झाले.

तासाभराने घसरगाडी बंद. बाहेर रांग ताटकळलेली, आत मेकॅनिक चाकांखाली आडवे. पहिल्या डब्यावर पिवळ्या खुणा सापडल्या होत्या, आणि त्यांच्या कामात पिवळी खूण म्हणजे हा भाग खराब, चालवू नका. नटबोल्ट सगळे तपासले, दोष सापडेना. शेवटी एकाने खुणेवर बोट फिरवून वास घेतला आणि तो सरळ आमच्या दुकानाकडे वळून बघायला लागला.

ठेकेदार तणतणत आला. "काकू, सामान भरा! उद्याच्या विमानानं घरी!" काकूंना हसू फुटलं. तो आणखी भडकला. "वरून हसता?"

"भ्याल्यात त्या," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

एवढ्यात पार्कची मॅनेजर आली. ताडमाड उंच बाई, चेहरा इस्त्री केलेला. तिने मला काकूंना विचारायला लावलं, हे का केलं?

काकू हसू दाबत म्हणाल्या, "आमच्याकडं ट्रॅक्टर येवो, मळणीयंत्र येवो, हळद-कुंकू लावून नारळ फोडल्याबिगर कुणी चालू करत न्हाई. हिच्यात तर लेकरं बसून राहिली. म्हणून पाच बोटं ओढली."

मी सांगितलं. बाईने विचारलं, "तुम्ही बसलात हिच्यात?"

"न्हाई."

"का?"

"ठेकेदार बसू देत न्हाई." हे वाक्य मी अगदी खणखणीत इंग्रजीत पोचवलं.

मॅनेजरबाई ठेकेदाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, पुन्हा यंत्राला हात लावायचा नाही. आणि आज रिकामी फेरी नीट झाली की पहिल्या डब्यात या बसतील.

काकूंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. मला उंचीचं वावडं. मी खुशीने धरल्या. घसरगाडी चढली, टोकावर क्षणभर थांबली आणि कोसळली. सगळे किंचाळत होते. त्या गदारोळात एकच खदखदून हसणं ओळखू येत होतं. काकू उतरल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, पदर मागे गुंडाळलेला. म्हणाल्या, "आत्ता कळलं शोभे, सासू काहून बसू देत नव्हती. बसलं की उतरावंच वाटत न्हाई!"

हंगाम संपेपर्यंत त्या रोज बसल्या. चहा देताना ठेकेदाराला विचारत, "तुमी येता का?"

काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं. परवा दसऱ्याच्या प्रदर्शनात त्यांची सून दिसली. आकाशपाळण्याखाली उभी, दोन्ही हातांत चपलाच चपला. मी त्या काढून घेतल्या आणि पाळण्याच्या रांगेतल्या तिच्या नवऱ्याच्या हातात कोंबल्या, वर माझ्याही ठेवल्या. "धर. तुझ्या आईनं लई धरल्या."

"मावशी, मला भेव वाटतं," सून म्हणाली.

"मलाही. चल."

पाळणा वर जाऊन थांबला. खाली हिंगोली दिव्यांनी भरलेली. सुनेने माझा दंड आवळला आणि मला जे हसू फुटलं, ते खाली उतरेपर्यंत थांबलं नाही.