ठमाबाईंचा आरोग्याचा तास
कुमुदिनी अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी घरातली. आई ठमाबाई शाळेची पायरी चढली नाही, पण डोंगरातली कुठली भाजी कोवळी असताना खायची, कुठला कंद राखेच्या पाण्यात उकडायचा, हे तिला तोंडपाठ. कुमुदिनी आश्रमशाळेत शिकली, पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाली आणि पोस्टडॉकसाठी तोक्योला आली. आता तिथल्याच ओजिमा भागातल्या एका फ्लॅटमध्ये नवरा शैलेंद्र आणि सहावीतली मुलगी कादंबरी यांच्यासोबत राहते. आईच्या विद्येबद्दल ती लॅबमध्ये कधी बोलली नव्हती. पुण्याच्या हॉस्टेलवर आईने पाठवलेले करांदे, म्हणजे रानातले कंद, पाहून मुली हसल्या होत्या, तेव्हापासून ती गप्पच राहायला शिकली होती.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर कादंबरीच्या पाचवीच्या वर्गात स्वयंपाकाचा तास होता. मुलांनी शाळेच्या वाफ्यातून निरा, म्हणजे लसणाच्या वासाची चपटी पात, कापून आणायची आणि तिचं सारण भरून ग्योझा, म्हणजे मोमोसारख्या जपानी करंज्या, करायचे. मदतीला चार आया गेल्या होत्या. त्यांतली कुमुदिनी पात धूत होती. धुता धुता सवयीने एक पान चुरडून तिने नाकाशी धरलं. वास नाही. दुसरं धरलं, त्यालाही नाही. तिने सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं.

शाळेच्या आरोग्यशिक्षिका मोरिता-सेन्सेई, म्हणजे मोरिता बाई, धावत आल्या. दोघी वाफ्याकडे गेल्या. निऱ्याच्या शेजारीच नरगिसाचे, म्हणजे डॅफोडिलचे, कांदे लावलेले होते. फुलं झडून गेलेली, नुसती पानं उरलेली, आणि ती विषारी. मुलांनी दोन्ही एकत्र कापली होती. कापलेली सगळी पात टाकून दिली, हात धुतले, आणि त्या दिवशी कोबीचे ग्योझा झाले.

मोरिता-सेन्सेईंनी वाकून माफी मागितली, आभार मानले. मग विचारलं, "कुमुदिनी-सान, हे तुम्ही विद्यापीठात शिकलात का?"

हो म्हणणं सोपं होतं. कुमुदिनी म्हणाली, "नाही. आईकडून."

मोरिता-सेन्सेई तिथेच वाफ्याच्या कडेला बसल्या आणि आईबद्दल विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, आरोग्याचा एक तास आईंनीच घ्यावा.

ठमाबाईंना फोनवर आधी हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या. "औषधं नको सांगू पोरांना. आधी ओळख सांग. नाकाला इचारायचं, डोळ्यानं पाहायचं, जाणत्याला दाखवायचं. शंका आली का टाकून द्यायचं. त्यात लाजायचं नाय."

जूनमध्ये तास झाला. जपानात सकाळचे दहा, गावात साडेसहा. रेंज मिळावी म्हणून कुमुदिनीचे मामा भानुदास फोन धरून टेकाडावर उभे होते आणि शेजारी ठमाबाई. दुभाषी कादंबरी. घरात मराठीला जपानीत उत्तर देणारी ही मुलगी आजीचं एकेक वाक्य लक्ष देऊन ऐकत होती. 'राख' या शब्दाला अडली, तेव्हा आईकडे येऊन विचारून गेली.

एका मुलीने विचारलं, तुमची कधी चूक झाली का?

ठमाबाई म्हणाल्या, झाली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कंद नीट न उकडता वाढला. सगळं घर दोन दिवस आजारी पडलं. सासूने शिव्या दिल्या नाहीत, शेजारी बसवून पुन्हा शिकवलं. "तेव्हापासून मी घाई करत नाय."

आपल्याच मुलीच्या तोंडून आईचं बोलणं जपानीत ऐकताना कुमुदिनीला डोळे पुसावे लागले.

मुलांनी ओळखीचे नियम मोठ्या कागदावर लिहिले. तो कागद आरोग्यखोलीत लागला. खाली मोरिता-सेन्सेईंनी आठवणीने लिहायला लावलं: शिकवणाऱ्या, ठमाबाई गभाले, अकोले. यंदापासून पाचवीला हा तास ठरलेलाच आहे, आणि त्यात रानभाज्या ओळखणाऱ्या दोन स्थानिक आज्याही येतात.

त्या तासानंतर ऑगस्टमध्ये, जपानी शाळेच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिघं गावी गेली. कादंबरीने आजीला त्या कागदाचा फोटो दाखवून नाव वाचून दाखवलं. ठमाबाईंनी तो फोटो हातात घेऊन पाहिला आणि सेन्सेईंना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला.

"बाई, माझ्या लेकीनं चार माणसांत माझं नाव सांगितलं. ते तुम्ही इचारलं म्हणून. तुमचे उपकार."

कादंबरीने एकही शब्द न गाळता ते जपानीत सांगितलं. पलीकडे मोरिता-सेन्सेई खुर्चीतून उठल्या आणि स्क्रीनसमोर कमरेत वाकल्या. ठमाबाईंनी पदर सावरून हात जोडले.